रूळ एकाच मापाचे, मग ब्रिटनची एक्सप्रेस स्टीम इंजिनं दुसऱ्याच्या मार्गावर का जात नव्हती?

प्रश्न थोडक्यात असा होता की ब्रिटनमध्ये मेन लाइनचे रूळ सगळीकडे ४ फूट ८½ इंचाचेच, मग ग्रेट वेस्टर्न कंपनीचं किंग वर्गाचं इंजिन लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनला किंवा लंडन-एडिंबरा मार्गाचं ए४ वर्गाचं इंजिन लंडनच्याच वॉटर्लूला आलं की लोक एवढी गर्दी का करायचे, त्यात एवढं काय विशेष. सोबत एक फोटो पण आहे, ग्लासगोच्या बुकॅनन स्ट्रीट स्टेशनात उभं असलेलं ए४, आणि विचारलंय की हे तिथं कसं काय पोचलं. फोटोचं शेवटी सांगतो, कारण त्याची गोष्ट जरा वेगळी आहे.

मी कोण ते आधी सांगतो म्हणजे पुढचं कुठून बोलतोय ते कळेल. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सेंट्रल रेल्वेत फायरमन म्हणून लागलो, भुसावळ साइडला डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी वर्गाच्या स्टीम इंजिनांवर फावडं मारलं, मग डिझेल, मग इलेक्ट्रिक, शेवटी लोको इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालो. लेक इंग्लंडमध्ये असते, तिच्याकडे जाऊन-येऊन असतो आणि तिथल्या एका हेरिटेज लाइनवर गेली काही वर्षं सीझनमध्ये शेडला आणि फुटप्लेटवर (इंजिनात ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात तिथं) काम करतो. त्यामुळे दोन्हीकडची इंजिनं आणि दोन्हीकडचा कोळसा हाताखालून गेलाय.

आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न पडणं अगदी साहजिक आहे. आपली डब्ल्यूपी १९४७ पासून आली, ७५५ बनली, आणि ब्रॉडगेजवर जिथं म्हणाल तिथं तीच. भुसावळचा माणूस झाशीच्या इंजिनावर चढला तरी रेग्युलेटर (वाफ सोडायचा दांडा), इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी भरायचं यंत्र) सगळं त्याच जागी. ब्रिटनमध्ये तसं कधीच नव्हतं. १९२३ पासून चार मोठ्या कंपन्या होत्या, ग्रेट वेस्टर्न, एलएमएस (लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश), एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न) आणि सदर्न, आणि प्रत्येकीचा कारखाना वेगळा, चीफ इंजिनीअर वेगळा, कोळसा वेगळा, सिग्नलची रीत वेगळी. प्रत्येकीने आपलं मोठं एक्सप्रेस इंजिन आपल्या रस्त्याच्या मापाने शिवून घेतलेलं, अंगाबरोबर शिवलेल्या सदऱ्यासारखं. दुसऱ्याला तो सदरा बसेलच असं नाही, आणि कधी कधी खरंच कुठेतरी उसवायचा.

सगळ्यात आधी अंगाचं माप. रुळांचं माप आणि गाडीच्या अंगाचं माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रेल्वेत ओडीसी (ठरलेल्या मापाबाहेर जाणारा माल) वॅगनबरोबर एकदा तरी गेलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. आपला ब्रॉडगेजचा डबा ३.२५ मीटर रुंद, ब्रिटनचा २.७-२.८ च्या आसपास, आणि उंची साधारण १३ फुटांत बसवायची. त्यातही प्रत्येक कंपनीचे बोगदे, पूल आणि प्लॅटफॉर्मच्या कडा वेगळ्या. ग्रेट वेस्टर्नकडे एके काळी ७ फूट ¼ इंचाचा ब्रॉडगेज होता, तो मे १८९२ मध्ये कायमचा गेला पण त्याच्यासाठी सोडलेली जागा तशीच राहिली. त्यामुळे त्यांच्या स्विंडनच्या कारखान्याने बाहेरचे सिलिंडर खुशाल जाडजूड केले, इंजिन सिलिंडरपाशी जवळजवळ ९ फूट रुंद. आणि नेमकी सिलिंडरची उंची म्हणजे प्लॅटफॉर्मच्या कडेची उंची. इतर कंपन्यांच्या स्टेशनात वळणावर असं इंजिन गेलं तर कड घासणारच.

घासलीही आहे. ऑगस्ट १९६४ मध्ये ६८५८ वूलस्टन ग्रेंज नावाचं ग्रेट वेस्टर्नचं इंजिन सुट्टीच्या सीझनची गाडी घेऊन उत्तरेला आलं, वाटेत बदलायला हवं होतं ते बदललं गेलं नाही आणि ते थेट हडर्सफील्डपर्यंत पोचलं, प्लॅटफॉर्मच्या कडा खात खात. हे तर ग्रेंज वर्गाचं, एक्सप्रेससाठी बनवलेलं पण नव्हे. किंग त्याहून मोठं. म्हणून १९४८ मध्ये, कंपन्या सरकारी झाल्यावर, जेव्हा सगळ्या विभागांची इंजिनं एकमेकांच्या मार्गावर चालवून पाहिली तेव्हा किंगला चारपैकी दोनच एक्सप्रेस मार्ग मिळाले, एक स्वतःचा पॅडिंग्टन-प्लिमथ आणि दुसरा किंग्ज क्रॉस-लीड्स. यूस्टन-कार्लाइल आणि वॉटर्लू-एक्झिटर त्याला बंदच.

वजनाचं पण तसंच. किंगचा एक्सल लोड, म्हणजे एका चाकजोडीवरचं वजन, २२½ टन, आणि प्लिमथच्या पुढे सॉल्टॅशला ब्रुनेल या इंजिनीअरचा १८५९ चा पूल आहे, त्याच्यावर किंगला परवानगी नव्हती. म्हणजे घरच्याच कंपनीच्या मेन लाइनवर कॉर्नवॉलमध्ये त्याला पाऊल टाकता येत नव्हतं, प्लिमथला इंजिन बदलायचं.

पाण्याकडे लोकांचं लक्ष जात नाही पण फायरमनचं सगळं लक्ष तिथंच असतं. ब्रिटनमध्ये लांब पल्ल्याच्या मार्गांवर रुळांच्या मधोमध पाण्याचे लांबलचक हौद टाकलेले असायचे, जॉन रॅम्सबॉटम नावाच्या इंजिनीअरने १८६० मध्ये नॉर्थ वेल्समध्ये पहिला टाकला, आणि धावत्या गाडीतून टेंडर म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीखालचा स्कूप (पाणी उचलायची चोच) खाली सोडून पाणी उचलायचं. आपल्याकडे अशी सवयच नाही, आपण पाणी घ्यायला थांबायचो. आता सदर्न रेल्वेकडे असा एकही हौद नव्हता, म्हणून त्यांच्या टेंडरला स्कूपच नव्हता. १९४८ ला सदर्नची मर्चंट नेव्ही इंजिनं यूस्टन-कार्लाइलला पाठवताना त्यांच्यामागे एलएमएसचे स्कूपवाले टेंडर जोडावे लागले, आणि उलट एलएमएसची इंजिनं वॉटर्लूला आणताना मिलिटरीसाठी बनवलेल्या इंजिनांचे जास्त पाणी मावणारे टेंडर लावले. फोटोत दुसऱ्याचाच टेंडर घेतलेलं इंजिन दिसलं की मला लगेच कळतं की गडी परगावी आलाय.

आता कोळसा, यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इंजिनाबद्दल लिहिणारे बरेच जण सिलिंडर आणि चाकं मोजतात आणि फायरबॉक्समध्ये काय टाकलं ते विसरतात. ग्रेट वेस्टर्नकडे वेल्सचा मऊ स्टीम कोल होता, उष्णता भरपूर, राख कमी, पण त्याला पेटायला वेळ द्यावा लागतो. त्यांचे फायरमन दाराच्या तोंडापाशी उंच ढीग लावून मागून पुढे उतरती आग ठेवायचे आणि ती हळूहळू आपणच पुढे सरकायची. त्यांच्या कॅसल आणि किंग या दोन्ही एक्सप्रेस वर्गांचा अरुंद, लांब फायरबॉक्स त्या आगीसाठीच आखलेला. यॉर्कशायरचा कडक कोळसा वेगळा, तो पटकन पेटतो, त्याला पातळ आणि लखलखीत आग लागते, थोडं थोडं पण सारखं टाकत राहावं लागतं, आणि एलएनईआरच्या डॉनकास्टर कारखान्याच्या ए१, ए३, ए४ इंजिनांचा रुंद फायरबॉक्स त्याला मानवणारा. मी हेरिटेज लाइनवर पहिल्यांदा वेल्सच्या कोळशावर आग केली तेव्हा भुसावळच्या सवयीने सारखं फावडं मारत गेलो, कारण आमच्या कोळशात राखच इतकी असायची की न टाकून चालायचंच नाही, आणि बघतो तर सेफ्टी व्हॉल्व्ह सुटलेत आणि वाफ आभाळात चाललीय. तिथल्या जुन्या फायरमनने हात धरून थांबवलं आणि म्हणाला जरा दम धर, आग आपलं काम करतेय. दोन सीझन गेले मला ते अंगात भिनायला. आता कल्पना करा, परक्या मार्गावर, परका कोळसा, मागे ४५०-५०० टनांची एक्सप्रेस, डब्यात टेस्टचे इंजिनीअर आकडे लिहीत बसलेत, आणि प्रॅक्टिस मिळालीय मोजक्या फेऱ्यांची.

आणि माणसं. आपल्याकडे रोड लर्निंग केल्याशिवाय ड्रायव्हर गाडी नेत नाही, तिथं पण तेच, मार्ग येतो म्हणून सही करावी लागते. परक्या मार्गावर जाणाऱ्या ड्रायव्हरला सोबत तिथला स्थानिक ड्रायव्हर द्यायचे. पण इंजिनच परकं आणि ड्रायव्हर घरचा असेल तरी भानगड होते, कारण ग्रेट वेस्टर्नचा ड्रायव्हर कॅबमध्ये उजवीकडे उभा राहायचा आणि त्यांचे सिग्नल त्या हिशोबाने बसवलेले, एलएमएसचा डावीकडे. ब्रिटिश रेल्वेने १९५१ पासून ब्रिटानिया नावाची स्टँडर्ड पॅसिफिक (पुढे चार, मध्ये सहा मोठी ड्रायव्हिंग आणि मागे दोन चाकं, म्हणजे ४-६-२) इंजिनं काढली, डाव्या हाताची, आणि त्यातली काही वेस्टर्न विभागाला म्हणजे पूर्वीच्या ग्रेट वेस्टर्नला दिली. कार्डिफच्या कँटन शेडने ती उत्तम चालवली. पण २० नोव्हेंबर १९५५ ला डिडकॉटजवळ मिल्टनला ७००२६ पोलर स्टार हे ब्रिटानिया वेल्सहून पॅडिंग्टनकडे सहलीची गाडी घेऊन येताना, वळवलेल्या लाइनच्या सांध्यावर फार वेगात गेलं आणि उलटलं, ११ माणसं गेली. चौकशीत ड्रायव्हरची चूक तर निघालीच, पण त्याचबरोबर हेही पुढे आलं की इंजिनाच्या पुढच्या धूर उडवणाऱ्या पत्र्यांवरचा दांडा ड्रायव्हरच्या नजरेच्या आड येत होता. वेस्टर्नने मग ते दांडे काढून पत्र्यात हात धरायच्या खाचा केल्या. ब्रिटानियाचे फोटो नीट बघा, वेस्टर्नवरच्या इंजिनांच्या पत्र्यांना त्या खाचा दिसतील. मला ते दिसलं की दर वेळी पोटात कसंतरी होतं, कारण लोको इन्स्पेक्टर म्हणून मी अशाच बारक्या गोष्टींचे रिपोर्ट लिहिलेत.

एवढं सगळं असताना इंजिनं परक्या मार्गावर गेली कशाला? तीन कारणांनी गेली, तपासायला, अडचणीत, आणि शेवटी म्हातारपणी.

तपासण्याचा माझ्या मते सगळ्यात फळलेला प्रसंग १९२५ चा. १९२४ ला वेंबलीच्या प्रदर्शनात एलएनईआरचं ४४७२ फ्लाइंग स्कॉट्समन आणि ग्रेट वेस्टर्नचं ४०७३ कॅरफिली कॅसल शेजारी शेजारी उभी होती. स्कॉट्समन दिसायला केवढं लांब, केवढा बॉयलर, आणि शेजारी हे आटोपशीर कॅसल, तरी ट्रॅक्टिव्ह एफर्ट म्हणजे ओढायचा जोर कॅसलचा जास्त, ३१,६२५ पौंड विरुद्ध २९,८३५. साहजिक वाद झाला आणि त्यातून एप्रिल-मे १९२५ ला अदलाबदल ठरली. ४०७९ पेंडेनिस कॅसल किंग्ज क्रॉसला गेलं आणि एलएनईआरचं ४४७४ व्हिक्टर वाइल्ड पॅडिंग्टनला आलं.

किंग्ज क्रॉसचं स्टेशन बघितलं असेल त्याला माहीत आहे, गाडी सुटल्या सुटल्या बोगदा आणि चढ, रूळ ओले, आणि मागे १६ डब्यांची ४७५ टनांच्या वरची गाडी. तिथल्या लोकांची खात्री होती की हे छोटं इंजिन बोगद्यात चाकं फिरवत बसणार. कॅसलच्या ड्रायव्हर यंगने गाडी न घसरता उचलली आणि फिन्सबरी पार्क सहा मिनिटांच्या आत गाठलं, जे त्यांच्या स्वतःच्या पॅसिफिकना क्वचित जमायचं. यात जादू नाही. पॅसिफिकला ड्रायव्हिंग चाकांच्या मागे अजून एक चाकांची जोडी असते, इंजिन जोर लावून उठतं तेव्हा वजन मागे त्या जोडीवर जातं आणि ड्रायव्हिंग चाकं हलकी होतात. कॅसल ४-६-०, मागे जोडीच नाही, त्यामुळे वजन शेवटच्या ड्रायव्हिंग चाकावरच दाबून बसतं. आमची डब्ल्यूपी पण पॅसिफिक, पावसाळ्यात ओल्या रुळावर प्लॅटफॉर्म सोडताना वाळू टाकत टाकत आणि रेग्युलेटर केसाएवढा उघडत कसं निघावं लागायचं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

पण खरी गोष्ट कोळशाच्या हिशोबात निघाली. दोन्ही मार्गांवर कॅसलने कमी कोळसा खाल्ला, यॉर्कशायरच्या परक्या कोळशावर सुद्धा. तिकडे व्हिक्टर वाइल्डने पॅडिंग्टन-प्लिमथ हा २२५ मैलांचा रस्ता नेटाने केला, डेव्हनमधले डेंटन, रॅटरी, हेमरडन हे चढ १ इन ४० (४० फुटांत १ फूट चढ) च्या आसपास आहेत म्हणजे आपल्या भोर घाटाच्या १ इन ३७ च्या जवळ जाणारे, आणि हे इंजिन बनलेलं १ इन २०० च्या सपाट मार्गासाठी, तरी वेळ पाळला. मला त्या ड्रायव्हरचं पण तितकंच कौतुक आहे, जिंकणाऱ्याचं नाव सगळे घेतात म्हणून मुद्दाम लिहितो.

फरक कशात होता तर व्हॉल्व्हमध्ये. कॅसलचा बॉयलर २२५ पौंड दाबाचा, व्हिक्टर वाइल्डच्या ए१ वर्गाचा १८०, हे एक झालं, पण मुख्य म्हणजे स्विंडनच्या व्हॉल्व्हची चाल लांब होती. म्हणजे वाफेचं दार मोठं उघडायचं, त्यामुळे ड्रायव्हर रेग्युलेटर पूर्ण उघडा ठेवून कटऑफ (पिस्टनच्या प्रत्येक फेरीत वाफ किती वेळ आत सोडायची ते माप) खूप कमी करू शकायचा, थोडी वाफ आत घ्यायची आणि तिला सिलिंडरमध्ये मनसोक्त फुलू द्यायची. ए१ ची चाल आखूड, कटऑफ कमी केला की वाफ कोंडायची, म्हणून तिथला ड्रायव्हर कटऑफ जास्त ठेवून रेग्युलेटर चोरून चालवायचा आणि कोळसा वाया. एलएनईआरच्या चीफ इंजिनीअर ग्रेस्लीने हे मोकळेपणाने स्वीकारलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आपल्या पॅसिफिकचे व्हॉल्व्ह बदलले, नव्या ए३ ला २२० पौंडाचा बॉयलर दिला. मैलाला ५० पौंडांच्या आसपास खाणारं इंजिन ३९ वर आलं. एका टेंडरमध्ये ९ टन कोळसा, आणि लंडन ते एडिंबरा ३९३ मैल. हिशोब करून बघा, जुन्या व्हॉल्व्हवर १ मे १९२८ पासूनची ती नॉनस्टॉप फ्लाइंग स्कॉट्समन गाडी कोळशाच्या काठावर चालली असती, नवीन व्हॉल्व्हवर दोन टन शिल्लक राहायला लागला. हे परक्या इंजिनाने दाराशी येऊन दाखवलं म्हणून झालं.

पुढच्याच वर्षी, १९२६ ला, लॉन्सेस्टन कॅसल एलएमएसवर यूस्टन ते कार्लाइल चाललं आणि त्यानंतर एलएमएसने घाईघाईने ५० रॉयल स्कॉट इंजिनं बनवून घेतली. तो किस्सा पण मोठा आहे, पण आत्ता राहू दे.

१९४८ च्या ट्रायल्सबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. १ जानेवारी १९४८ ला सगळ्या कंपन्या सरकारी झाल्या आणि एप्रिल ते सप्टेंबर एकमेकांच्या मार्गावर इंजिनं फिरवली. एक्सप्रेसमध्ये किंग ६०१८, एलएमएसचं डचेस वर्गाचं ४६२३६ सिटी ऑफ ब्रॅडफर्ड, त्यांचीच पुनर्बांधणी केलेली रॉयल स्कॉट, ए४ आणि मर्चंट नेव्ही. दर हॉर्सपॉवर-तासाला किती कोळसा, म्हणजे एक हॉर्सपॉवर तासभर गाडी ओढायला किती पौंड जाळले, त्याचे आकडे छापले: ए४ ३.०६, डचेस ३.१२, रॉयल स्कॉट ३.३८, किंग ३.५७, मर्चंट नेव्ही ३.६०. बरेच जण ही यादी परीक्षेच्या निकालासारखी वाचतात, मी वाचत नाही. किंगला यॉर्कशायरचा कडक कोळसा घातला होता आणि तो त्याला मानवत नव्हता हे वर लिहिलंच. आणि ड्रायव्हरांचं बघा, डचेसच्या ड्रायव्हरने कोळसा वाचवायचा ठरवलं आणि हातचं राखून चालवलं, वेळ गेला तरी चालेल अशा बेताने, तर सदर्नच्या माणसांनी उलट आपलं इंजिन काय करू शकतं ते दाखवायचंच ठरवलं, बेभान हाकलं आणि कोळशाचा आकडा फुगला. एकाच कागदावर दोन वेगळ्या खेळांचे गुण मांडलेत. शिवाय या गाड्या नेहमीच्या पॅसेंजर घेऊन धावणाऱ्या, वाटेत सिग्नल लागणार, कुठे रुळाचं काम असणार, वारा असणार, आणि प्रत्येक इंजिनाला परक्या मार्गावर मोजून काही फेऱ्या.

मला त्या वर्षातलं काय आवडतं सांगू? वेस्ट कंट्री वर्गातलं ३४००४ येओव्हिल, सदर्नचं, डेव्हन-कॉर्नवॉलच्या समुद्रकाठच्या गाड्यांसाठी बनवलेलं, ते स्कॉटलंडच्या पर्थ-इन्व्हर्नेस मार्गावर पाठवलं. सिंगल लाइन, म्हणून त्याच्या कॅबला धावता टॅब्लेट (सिंगल लाइनवर पुढे जायच्या परवान्याचा बिल्ला) घ्यायचं यंत्र बसवलं, आणि समोर ड्रमॉक्टरचा १,४८४ फुटांचा माथा. ते इंजिन तिथं असं काही चढलं की वेळापत्रकापेक्षा कितीतरी पुढे. सदर्नच्या बुलिड या इंजिनीअरच्या त्या बॉयलरला वाफेची कधी कमतरता नव्हती, कोळसा मात्र खायचं, तेलाचा सगळीकडे पसारा, आणि त्याची साखळीवरची व्हॉल्व्ह गिअर हाताळायला कटकटीची. पण डोंगरात वाफ असली की फायरमनला बाकी सगळं माफ असतं.

आणि मॅलार्ड, ज्याने ३ जुलै १९३८ ला १२६ मैलांचा वेग गाठला, तेच मॅलार्ड वॉटर्लू-एक्झिटरच्या ट्रायलला फेल झालं. ए४ ला तीन सिलिंडर, मधल्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं मोठं बेअरिंग गरम होऊन जायचं. १९३८ च्या रेकॉर्डच्या दिवशी पण तेच झालं होतं, पीटरबरोला सांभाळून आणावं लागलं होतं. म्हणजे हे दुखणं घरी पण होतं, परक्या चढ-उतारांच्या मार्गावर ते सगळ्यांसमोर आलं इतकंच. यावर इलाज कुणी केला? १९५१ ला के. जे. कुक हे स्विंडनचे इंजिनीअर बदली होऊन डॉनकास्टरच्या प्रमुखपदी आले. त्यांनी स्विंडनची पद्धत आणली, फ्रेम, सिलिंडर आणि एक्सलबॉक्स दुर्बिणीने एका रेषेत जुळवायचे, आणि ते बेअरिंग ग्रेट वेस्टर्नच्या धर्तीवर बदललं. त्यानंतर ए४ ची ती तक्रार जवळजवळ संपली. १९२५ ला स्विंडनचं इंजिन गेलं होतं, १९५१ ला स्विंडनचा माणूस गेला, दोन्ही वेळा डॉनकास्टरचं भलं झालं. या कुकसाहेबांचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, शेडमध्ये बेअरिंग जळाल्याचा वास ज्याने घेतलाय त्याने तरी घ्यावं.

अडचणीतले प्रसंग दोन मोठे. २४ एप्रिल १९५३ ला वॉटर्लू-एक्झिटर मार्गावर क्रूकर्नपाशी ३५०२० बिबी लाइन हे मर्चंट नेव्ही चांगल्या वेगात असताना त्याचा क्रँक अॅक्सल (मधला सिलिंडर ज्याला फिरवतो तो आस) तुटला, नशिबाने कुणाला मोठी इजा झाली नाही. लगेच त्या वर्गातली सगळी इंजिनं तपासणीसाठी बाजूला काढली. आता वॉटर्लूच्या एक्सप्रेस चालवायच्या कशाने? मग देशभरातून उधारी आली, ईस्टर्न विभागाची म्हणजे जुन्या एलएनईआरची व्ही२, बी१, मिडलंडची म्हणजे जुन्या एलएमएसची ब्लॅक फाइव्ह, आणि ब्रिटानिया. काही आठवडे वॉटर्लूला जे काही उभं राहायचं ते बघायला पोरांची झुंबड. व्ही२ मला फार आवडतं, रुबाब कमी पण कुठेही नेऊन जुंपा, चालतं. दुसरा प्रसंग जानेवारी १९५६, किंगच्या पुढच्या बोगीला तडे सापडले, सगळी किंग थांबवली आणि पॅडिंग्टनला एलएमएसच्या स्टॅनियर या इंजिनीअरची डचेस आणि प्रिन्सेस रॉयल आली. ४६२५४ सिटी ऑफ स्टोक-ऑन-ट्रेंट पॅडिंग्टनच्या छताखाली, हे दृश्य बघणाऱ्यांचं नशीब. तुम्ही विचारलं ना गर्दी का व्हायची, ती यासाठी. त्या काळच्या पोराने आपल्या गावच्या स्टेशनावर दहा वर्षं उभं राहून जे इंजिन फक्त पुस्तकात पाहिलं, ते एके दिवशी समोर उभं.

आपल्या मुंबईचा एक धागा यात आहे तो सांगून टाकतो. मर्चंट नेव्ही इंजिनांना जहाज कंपन्यांची नावं होती आणि १९४८ च्या ट्रायल्सच्या तीन मर्चंट नेव्हींपैकी एक होतं ३५०१८ ब्रिटिश इंडिया लाइन. ही तीच बीआय कंपनी जिच्या बोटी मुंबई बंदरातून आफ्रिकेला आणि आखातात जायच्या, कितीतरी कोकणी खलाशांनी तिच्यावर नोकरी केली. हे इंजिन भंगारातून वाचलं आणि २०१७ ला पुन्हा मेन लाइनवर आलं, उत्तरेत सेटल-कार्लाइलवर सुद्धा धावलं, जिथं ते कामाच्या दिवसांत कधी जात नव्हतं.

जपलेल्या इंजिनांचं आता असंच आहे, परका मार्ग हाच त्यांचा नेहमीचा मार्ग झालाय. पण माप अजून सुटलेलं नाही. ६०२४ किंग एडवर्ड १ ला जास्त मार्ग मिळावेत म्हणून चिमणी, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि कॅबचं छप्पर कापून उंची १३ फूट १ इंचावर आणली. काही लोकांना ते रूप बिघडवल्यासारखं वाटलं, मला नाही वाटलं, शेडमध्ये उभं राहण्यापेक्षा जरा बुटकं होऊन पळलेलं बरं. आणि पेंडेनिस कॅसल तर १९७७ ला ऑस्ट्रेलियाच्या पिलबारात लोखंडाच्या खाणीच्या रेल्वेवर गेलं, १९८९ ला ऑस्ट्रेलियातल्याच पर्थला फ्लाइंग स्कॉट्समनला पुन्हा भेटलं, २००० ला घरी आलं आणि २०२२ मध्ये डिडकॉटला परत वाफेवर उभं राहिलं.

आता तुमचा फोटो. बुकॅनन स्ट्रीट ते अॅबर्डीन हा जुना कॅलेडोनियन कंपनीचा मार्ग, म्हणजे पुढे एलएमएसचा, ए४ शी त्याचा काही संबंध नव्हता. पण साठीच्या सुरुवातीला किंग्ज क्रॉसला डेल्टिक डिझेल आली आणि ए४ ना घरी काम उरलं नाही, जून १९६३ ला किंग्ज क्रॉस शेडच बंद झालं. त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये ग्लासगो-अॅबर्डीन तीन तासांच्या एक्सप्रेसवर लावलेली नवी डिझेल सारखी बंद पडत होती. मग १९६२ च्या उन्हाळ्यापासून ए४ तिकडे लावली, अॅबर्डीनच्या फेरीहिल शेडमधून. पर्थ ते फॉरफरचा तो सरळ सपाट तुकडा त्यांच्यासाठीच टाकल्यासारखा, आणि हलक्या गाड्या, ७-८ डब्यांच्या. कुकसाहेबांनी बेअरिंग दुरुस्त केलेली, दुहेरी चिमणी बसवलेली ही इंजिनं शेवटची चार वर्षं तिथं धावली. तुमच्या फोटोत बफर बीमवर नंबर अंधुक दिसतोय, मला तो ६००१९ वाटतो, म्हणजे बिटर्न. तसं असेल तर सप्टेंबर १९६६ च्या सुरुवातीला त्या तीन तासांच्या गाडीवरची ए४ ची निरोपाची फेरी याच इंजिनाने केली. फोटो मोठा करून टाकता आला तर टाका, चिमणीच्या बाजूने बघून नक्की सांगेन.